नळावरचं टेबल

कचेरीतून येणं झालं की मागच्या नव्या खोलीत एकदम पाऊल पडू नये. लहू गवंड्याने सकाळीच जमिनीचा कोबा पुरा केला, चुना अजून ओला आहे. इकडून प्रत्येक गोष्ट बोट लावून बघणं होतं, ते आज राहू द्यावं. सासूबाईंचाही पाय पडायला नको म्हणून मी त्यांना घेऊन भुलेश्वरला जाते आहे.

मोरीचा नळ खोलीखालून जातो, त्याच्याभोवती कोळशाचा चुरा ठासून भरला आहे. आता ओल वर यायची नाही.

देवघर मात्र तिथे होत नाही. खालून मोरीचं पाणी वाहणार आणि वर देव बसणार, हे सासूबाईंना पटत नाही. तेव्हा देव आहेत तिथेच राहतील आणि नळावर इकडचं लिहायचं टेबल येईल. मग इकडच्या सोवळ्याचं काय, असं मी विचारलं. जपमाळ न थांबवता म्हणाल्या, "साहेबाच्या घरचा चहा ज्याला चालला, त्याला मोरीही चालेल."

पोहे फडताळात झाकून ठेवले आहेत. चहाचं त्यांना मी सांगितलेलं नाही. बिस्किटांचं अजून कळलेलं दिसत नाही.