आखातीजेचा दात

जोधपूर, १९ जून

प्रिय सरोज,

पापड पोचले. भुजिया अजून उघडली नाही, चावता येत नाही. ओठाला टाके आहेत, त्यामुळे फोनवर बोलणं जमत नाही. शिवाय तू रडायला लागतेस आणि माझं सांगणं अर्धं राहतं. म्हणून हे पत्र बीकानेरच्या बसने पाठवते आहे.

पेपरात चार ओळी आल्यात. सविस्तर असं: आपल्या सरकारने दंतवैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेत किमान गुणांची सवलत दिली होती. तो अधिकार त्यांचा नव्हता, असं न्यायालयाने ठरवलं आणि त्या सवलतीवर आलेल्या मुलांचे प्रवेश रद्द केले. खटल्यात सवलतीविरुद्धचं प्रतिज्ञापत्र माझं होतं. ते मी आजही मागे घेणार नाही. तुझ्या लक्षितच्या प्रवेशाच्या वेळीही मी म्हटलं होतं, एक वर्ष आणखी अभ्यास करू दे. तेव्हा महेंद्रजी म्हणाले, "सरकार देतंय, तुमच्या पोटात का दुखतं?"

मंगळवारी निकाल लागला आणि दुपारी जमाव आमच्या दंत महाविद्यालयात शिरला. हॉकीच्या काठ्यांनी खुर्च्या फोडल्या, काचा फोडल्या. शिकवण्यासाठी ठेवलेले प्लास्टरचे जबडे दगडांसारखे भिरकावले. "म्हातारीला बाहेर काढा," असं ओरडत होते. भोमसिंह चौकीदार माझ्या दारात आडवा उभा राहिला. पुढे आलेल्या एका पोराला म्हणाला, "बेटा, शिव्या द्यायच्या तर मला दे. मला सवय आहे." त्या पोराने प्लास्टरचा जबडा उचलला आणि हातभरावरून त्याच्या डोळ्यावर हाणला. भोमसिंह खाली बसला, तरी हाणतच राहिला. डोळा गेला, सरोज. गालावर ओघळला.

मी त्या पोराचा दंड धरला. त्याने तोच जबडा माझ्या तोंडावर मारला.

परवा फोनवर मी नुसती हुं हुं करत होते, तेव्हा तू म्हणालीस, "जीजी, तोंड तर झाकलेलं होतं ना? मग कोण होतं हे कोण सांगणार? त्या बाडमेरच्या पोराला धरलंय, निस्तरेल तो."

तोंड झाकलेलं होतं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पेपरातही नव्हतं.

झटापटीत त्याच्या तोंडावरचा गमछा घसरला होता. तो ओरडत होता, तोंड वासलेलं होतं. शाळेत असताना आखातीजेला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कटलेल्या पतंगामागे तो तुमच्या गच्चीवरून पडला आणि पुढचा दात तुटला. मी तो बांधून दिला. माझ्या पिशवीत त्याच्या दाताच्या रंगाची नेमकी छटा नव्हती, म्हणून कडा थोडी पिवळट राहिली. सणाचा खिचडा खाताना तो मला म्हणाला होता, "मासीसा, हा दात तुमचा, बाकीचे माझे." माझं काम मला अंधारातही कळेल.

आणि मला कळलं, हे त्यालाही कळलं. दुसरा फटका त्यानंतरचा आहे. माझे पुढचे दोन दात त्या फटक्याने गेले.

धरलेल्या मुलाचं नाव जेठाराम. तोही सवलतीवरच आलेला, प्रवेश त्याचाही गेला. तो भोमसिंहला पाठीवर घेऊन जिना उतरत होता, अंगावर रक्त होतं, म्हणून पोलिसांनी उचलला. त्याच्या बोटांवर दांडा मारलाय. उजव्या हाताच्या. त्याच्या बापाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी बोलू शकत नव्हते, त्याला वाटलं मी नाही म्हणते आहे.

तू म्हणशील, पोराचं आयुष्य जाईल. जाईल थोडं. जेठारामचं जायला नको.

मी पोलिसांना लिहून कळवलंय की सोमवारी सकाळी जबाब देईन. लक्षितला रविवारच्या बसने पाठव. बसस्टँडवर मी स्वतः येईन. ठाण्यात त्याने आपल्या तोंडाने सांगावं, मी, त्याची मावशी, शेजारी उभी राहीन, वकीलही मीच देईन. नाही आला, तर मी सांगेन. एक नाव उच्चारण्यापुरते दात माझ्या तोंडात आहेत.

महेंद्रजींना हे पत्र दाखव, लपवू नकोस. आणि त्याला पोटभर जेवू घालून पाठव.

तुझी जीजी, आणि रविवारपर्यंत तरी त्याची मासीसा,
प्रभा