बंद करण्यापुरते चालू

बुर्गास, सप्टेंबर अखेर

ती. स्व. झ्द्राव्का मावशीला म्लादेनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? तांबडी कोंबडी अंडी देते की अजून रुसलेलीच? मी बरा आहे, म्हणजे जेवतो आणि झोपतो. त्यापलीकडचं विचारू नकोस.

बंदरावरचं काम सोडलं हे तुला कळलंच असेल (त्याआधी बेकरीचं कसं सुटलं ते आता राहू दे). सध्या वीज कंपनीत आहे. घरोघर जाऊन बॉयलरला एक डबी बसवतो. संध्याकाळी अख्खं शहर एकदम घरी येतं, दिवे-शेगड्या लावतं, तारांवर ताण पडतो; तेव्हा हापिसातून बटण दाबलं की सगळे बॉयलर तासभर बंद आणि डबीवर लाल दिवा. पाणी आधीच तापलेलं, कुणाला पत्ता लागत नाही, बदल्यात बिलात सूट. कल्पना मलासुद्धा पटली. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

कारण हे हिवाळ्यासाठी गोड्या मिरच्या भाजून ठेवायचे दिवस. तुला सांगायला नको, आपल्याकडे बॉयलर आणि मिरच्या भाजायची विजेची भट्टी एकत्र लावली की फ्यूज उडतो, म्हणून बॉयलर बंद केल्याशिवाय कुणी पोत्याला हात लावत नाही. पहिल्याच संध्याकाळी लाल दिवा लागला आणि लोकांना वाटलं, कंपनीनेच मिरच्यांची वेळ काढून दिली! गॅलरी-गॅलरीत भट्ट्या पेटल्या. तळमजल्यावरचे ग्रॉझ्दान आजोबा तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरा, कंपनीला एवढी अक्कल कधी आली रे? बस, तूही एक खा." मी खाल्ली. दुसरी सोलत होतो तोच रस्त्याच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर फुटला.

दुसऱ्या दिवशी साहेबीणबाईंसमोर उभा.

"म्लादेन, लोकांना काय सांगितलं होतंस?"

"की तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"मग कसं कळलं?"

"लाल दिव्यामुळे, बाई."

"आणि तू काय करत होतास?"

खोटं बोलणार होतो, पण शर्टाला मिरच्यांच्या धुराचा वास येत होता.

आता महिन्याभरात डब्या बसवून घ्यायला तयार अशी दुसरी वस्ती मिळाली नाही तर योजना गुंडाळणार, आणि तिच्यात मलाही. मग कुठे जायचं? बुर्गासच्या पुढे समुद्रच आहे. संध्याकाळी खोलीत बसून त्याला ऐकतो. काही सांगत नाही तो. बाकी सर्व क्षेम. कोंबडीवर रागावू नकोस.

तुझा,
म्लादेन

ता. क. मी बाईंना आपल्या गावाचं नाव दिलंय. गाव भरलेलं आहे, घरोघर बॉयलर आहेत, असं सांगितलं. (बॉयलर आहेत हे खरं आहे.)

ता. क. पुन्हा. जर्मनीला, स्पेनला गेलेल्या सगळ्यांच्या किल्ल्या तुझ्याकडेच आहेत. पुढच्या शनिवारी कंपनीची माणसं पाहणीला येतील. त्याआधी घरं उघडून बॉयलर लाव, मात्र आधी पाणी भरलंय ना बघ. बंद करायला आधी काहीतरी चालू असावं लागतं गं. वाढीव बिलं बघून लोक तुला फोन करून ओरडतील. तेवढीच सगळ्यांची खुशाली कळेल.

ता. क. शेवटचं. आमच्या घरातलाही लाव. आई गेल्यापासून त्यात पाणी तापलेलं नाही. पाहणीवाल्यांना वाट दाखवायला मीच येतोय. तेवढा एक मात्र त्यांना बंद करू देऊ नकोस.