जुन्नरला नुसतं हिंडायला

मु. चिंचवड, चैत्र वद्य, शके १८७९

राजमान्य राजेश्री उद्धवराव मेहुणे, मुक्काम लोणंद, यांसी चिंचवडाहून कोंडाजीचा हात जोडून रामराम. आम्ही सर्व इथे खुशाल आहोत, आणि हे वाक्य या खेपेला रिवाज म्हणून लिहिलेलं नसून शब्दशः खरं आहे, हे आधी ध्यानात घ्यावं. वहिनींचा खोकला आता कसा आहे? कालवड व्याली का? एस. टी.तल्या मारुतरावांनी आपल्याकडे येऊन 'कुशीला जुन्नरात पोलिसांनी धरलं, दारूच्या भानगडीत' असं सांगितल्याचं कळलं. मारुतराव माणूस चांगला आहे, पण ऐकलेली बातमी तिकिटासारखी अर्धीच फाडून देतो. आपली बहीण कुशी, म्हणजे आमचं कुटुंब, चौकीवर गेलं होतं हे खरं. पण धरलं नव्हतं, नेलं होतं. (दोन्हींत फार फरक आहे. मी पलटणीत हवालदार होतो, मला कळतं.) तरी घडलं ते सगळं पहिल्यापासून लिहितो, म्हणजे आपल्याला काळजीचं कारण उरणार नाही.

झालं असं की माघात आमच्या आळीतल्या एका लग्नाहून परत येताना ही मध्येच थांबली आणि म्हणाली, "लगीन, मर्तिक नि देव सोडून मी कधी कुठं गेलीय का, सांगा बरं." मी आळंदी म्हटलं, देहू म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "ते देवात आलं." मग मी लोणंद म्हटलं, तर ते सोयऱ्यांत आलं. "मला देव नको नि सोयरा नको. नुसतं हिंडायचंय. बघायचं, बसायचं, परत यायचं." आता दुसरा नवरा असता तर गांगरला असता. पण पिंपरीच्या औषध कारखान्याच्या फाटकावर मी दिवसभर उभा असतो ते उगाच नाही. अडचण लांबूनच ओळखतो. शिवाय मी इटली पाहिलेली आहे. लढाई संपल्यावर आमच्या पलटणीला तिकडे बरेच दिवस नुसतं बसून काढावे लागले, तेव्हा तिथली माणसं सुट्टी कशी घालवतात ते मी नीट बघून ठेवलं होतं. तिथला माणूस द्राक्षांच्या एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जातो, तळघरात पिंपातली द्राक्षाची दारू घोटभर चाखतो, मालकाची तारीफ करतो, आणि दुपारी एखाद्या तटबंदीच्या जुन्या गावात जाऊन दगडी पायरीवर पाय सोडून बसतो. संपलं. नवस नाही, अहेर नाही. मी तिथल्या तिथे हिला शब्द दिला की असली सहल मी आपल्याच मुलखात करून दाखवतो.

आणि उद्धवराव, आपल्या मुलखात कमी काय आहे? जुनं गाव म्हणाल तर चाकणला किल्ला आहे, जुन्नरला शहर आहे, शिवनेरी आहे. रानात म्हणाल तितकी हवा आहे. द्राक्षं म्हणाल तर नारायणगावच्या अलीकडे बिरूचा मळा आहे. (बिरू माझ्याच तुकडीतला. इटलीतून सगळ्यांनी घड्याळं आणली, हा द्राक्षाच्या छाटणीची कात्री घेऊन आला.) राहता राहिली पिंपं. आता दारूबंदीचा मी पक्का पाठीराखा आहे हे आपण जाणता, आणि चाखणं म्हणजे पिणं नव्हे हेही आपण जाणता. तरीही सरकारला ते पटवणं कठीण होतं. पण मी हिंमत सोडली नाही. जुन्नरला दत्तोबा वैद्य म्हणून आहेत, ते बिरूचीच द्राक्षं घेऊन द्राक्षासव करतात, तेही राजरोस परवान्यावर. द्राक्षं आहेत, रांजण आहेत, महिनाभर मुरवणं आहे. इटलीत आणखी वेगळं काय होतं? पोरांना काळेवाडीला माझ्या बहिणीच्या हवाली केलं, हिने नवं लुगडं नेसलं, मी पलटणीतली पदकं लावली आणि निघालो.

पहिला थांबा चाकण. किल्ल्याचे बुरूज ढासळलेत, खंदकात बाभळी वाढल्यात, पण मला सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. मी तटावर उभा राहून हिला हातवारे करून दाखवू लागलो की मोर्चा इथून लागला असेल, सुरुंग तिथे पेरला असेल, ही भिंत पडली असेल. नेमका बाजाराचा दिवस. खाली माणसं जमली. त्यांतला एक म्हातारा पागोटं हातात घेऊन वर आला नि माझ्या पाया पडू लागला, "सायेब, वढ्याकडंची पट्टी तेवढी सोडा. बाकीची घ्या." तो मला कारखान्यांसाठी जमिनी घेणारा अंमलदार समजला होता! (दोष त्याचा नाही. पिंपरीकडे अशाच रुबाबाची माणसं येऊन हातवारे करून गेली आणि मागोमाग कुंपणं पडली.) मी समजावू लागलो तशी त्याची खात्रीच पटत चालली. शेवटी ही पुढे झाली. "बाबा, ह्यो कुनी सायेब न्हाई, माझा मालक हाय. आमी नुसतं हिंडाय आलोय." म्हातारा हिच्याकडे बघतच राहिला. नवराबायको, बाजाराच्या दिवशी, काही विकायचं नाही, घ्यायचं नाही, हे त्याला अंमलदारापेक्षाही अजब वाटलं. मग त्याने आम्हाला बैलगाडीखाली सावलीला बसवलं, कांदा-भाकर दिली, आणि निघताना पुन्हा हळूच म्हणाला, "पट्टीचं मातर बघा." मी बघतो म्हणालो. काय करणार.

बिरूच्या मळ्यावर मी आधी कार्ड टाकून ठेवलं होतं. 'मंडळींसह बघायला येतो' एवढंच लिहिलं होतं, लष्करी थोडक्यात. त्याच दुपारी आम्ही पोहोचलो तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, बिरूच्या डोक्याला कोरा फेटा, आणि आत पोह्यांचा वास. मला वाटलं, जुन्या दोस्ताची कदर आहे. पाटावर बसलो, आणि बिरूची थोरली मुलगी इंद्रायणी खाली मान घालून पोह्यांचं ताट घेऊन आली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपला भाचा अजून सातवीत आहे, उद्धवराव! मी पलटणीत तोफा पाहिल्या आहेत, पण त्या ताटापुढे मी नुसता पदकं सरळ करत बसलो. हिने मात्र पोह्यांचा घास घेतला, मुलीला जवळ बसवलं आणि विचारलं, "तुला काय करायचंय गं?" ती म्हणाली, "मला मास्तरीण व्हायचंय, पुण्याला शिकून." बिरूची बायको पदर तोंडाला लावून रडायच्या बेतात. ही म्हणाली, "मग आमी आशी पोरगी कशी करावी? शिकू द्या तिला. आमाला तुमचा मळा दावा." म्हणजे नकारही दिला, आणि तोही मुलीच्या बाजूचा. संध्याकाळपर्यंत दोघी पांगाऱ्यावर चढवलेल्या वेलांखाली बसून भोकरी जातीची द्राक्षं खात होत्या आणि हसत होत्या. कशाला ते मला कोणी सांगितलं नाही. बिरू माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नाही. जेवताना मात्र त्याने इटलीतल्या चिखलाची आठवण काढली आणि मग आम्ही बोललो.

दुसऱ्या दिवशी जुन्नर. दत्तोबा वैद्यांकडे मागच्या पडवीत भुशात पुरलेले रांजण, तोंडाला कापड-मातीचा लेप. मन भरून आलं, अगदी तळघरात आल्यासारखं. वैद्यबुवांनी पेल्यात आसव दिलं. मी इटलीतल्या रीतीप्रमाणे पेला फिरवला, उजेडाला धरला, वास घेतला, चूळ भरल्यासारखं तोंडात घोळवलं आणि अंगणात थुंकलो. (तिथे तसंच करतात. जाणकार गिळत नाहीत.) वैद्यबुवा जे उसळले! "महिनाभर मुरवलेलं औषध थुंकता? धायटीची फुलं घातलीत त्यात, वेलदोडा घातलाय! पचत नसेल तर आलात कशाला?" मी शांतपणे इटलीचं सांगू लागलो, तेवढ्यात, घरचा अपमान नको म्हणून, हिने आपला पेला संपवला. वैद्यबुवा खूश. "बाईंना कळतं. पुन्हा घ्या, अशक्तपणा जाईल." तिने पुन्हा घेतलं. आपल्या बहिणीला अशक्तपणा कुठला, पण मान ठेवला.

बाहेर ऊन रणरणत होतं. पेठेच्या वेशीपाशी दगडी पायरी पाहून ही बसली, पाय सोडले, आणि म्हणाली, "हे बरं हाय." मग ओव्या म्हणू लागली. सुरुवातीला हळू. मग काही हळू नाही. उद्धवराव, इतक्या वर्षांत जात्याच्या घरघरीशिवाय तिचा गाता आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, आणि तो इतका चांगला आहे हे आपण तरी कधी का सांगितलं नाही? बायका जमल्या, दुकानदार बाहेर आले आणि शेवटी ज्योतीराम नावाचा शिपाई आला. त्याने वास घेतला आणि आम्हाला नेलं.

चौकीवर फौजदारांनी माझी पदकं पाहून खुर्ची दिली आणि विचारलं, "जुन्नरला कशासाठी आलात?" मी म्हणालो, "हिंडायला." "लग्नाला?" "नाही." "कोर्टात काही?" "नाही." "देवाला?" मी मान हलवली. फौजदार माझ्याकडे वाकून म्हणाले, "हवालदार, खरं सांगा. माणूस असा कधी हिंडतो का?" मी इटलीपासून सुरुवात केली. ते पाहून ही उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "फौजदारसायेब, वैदानं औषिध दिलं ते आमी घेतलं. वैदाला विचारा. पन बाईमानसानं काम नसताना घराबाहेर बसलं, ह्यो गुन्हा आसंल तर लिवून घ्या. मी आंगठा देते."

चौकीच्या मागेच फौजदारांचं बिऱ्हाड होतं, तिथल्या खिडकीतून त्यांच्या मंडळी, सुमनताई, सगळं ऐकत होत्या. त्या ताकाचा तांब्या घेऊन आतूनच आल्या, हिच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे न बघता हिला विचारलं, "आणि तुमच्या मालकांनी स्वतः आणलं तुम्हाला? नुसतं हिंडायला?" ही म्हणाली, "व्हय." सुमनताईंनी मग सावकाश फौजदारांकडे पाहिलं. मी लढाई पाहिलेला माणूस आहे. त्या क्षणी मला फौजदारांची दया आली. वैद्यबुवांनी येऊन परवाना दाखवायच्या आतच आम्हाला जायला सांगण्यात आलं, जरा घाईनेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी चढलो. वर पाण्याच्या टाक्यापाशी मी इतिहास सांगायला तोंड उघडलं, तर ही म्हणाली, "थोडं गप बसा." गप बसलो. खाली सगळा मुलूख पसरलेला, बिरूच्या मळ्याकडची हिरवी रेघ, पलीकडे घाट. मग ती म्हणाली, "ह्ये सगळं हितं हुतंच व्हय?" मी नुसतं 'होतं' म्हणालो, आणि मी आपल्याला सांगतो, माझं उत्तर इतक्यात सहसा संपत नाही. तर अशी ही सहल निर्विघ्न पार पडली. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
कोंडाजी

ता. क. - सहलीची इथे फार वाहवा झाली आहे. आळीतल्या बायका रोज संध्याकाळी ओट्यावर जमतात. वैशाखात पुन्हा बेत आहे, या खेपेला भोर आणि वाई.

ता. क. दुसरा - बेत बायकांचा आहे. आळीतल्या शालनबाई, भागूबाई, आणि जुन्नरहून सुमनताईसुद्धा येणार आहेत. पुरुष नकोत असं ठरलं. मी हिला सांगितलं की मुलखाची माहिती असलेला, पदकांचा माणूस बरोबर असावा. ती म्हणाली, "तुमी फार सांगता." पोरांचं आणि म्हशीचं माझ्याकडे आलं आहे.

ता. क. तिसरा, आणि हा कृपा करून वहिनींना वाचून दाखवू नये - सामान चढवायला-उतरवायला एक पुरुष घ्यायचा असं काल ठरलं, आणि ती जागा हिने दादासाठी, म्हणजे आपल्यासाठी, धरली आहे. 'दादा बोलत न्हाई,' असं कारण दिलं. आपल्याला आमंत्रणाचं कार्ड येईलच. तरी हात जोडून विनंती की पाटाच्या पाण्याची पाळी त्याच आठवड्यात आल्याचं उलट टपाली कळवावं, आणि आपल्या जागी कोण चालेल हेही सुचवावं. मी वाटेत बोलणार नाही, अशी हमी आपण माझ्या वतीने खुशाल द्यावी.