सात सूर्यबंबांचे दाखले

मी, गंगाधर नारायण परचुरे, वय सहासष्ट, निवृत्त शास्त्रशिक्षक, राहणार लोणावळे, माझ्यामागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. भीती मात्र आहे. उद्या सकाळी मला कुसगावात एका उतरत्या छपरावर चढायचे आहे, आणि हल्ली मला चक्कर येते. डॉक्टरांनी स्टुलावरसुद्धा चढू नका म्हणून बजावले आहे.

१. राहते घर, पोस्टातली बचत व घरातले सर्व सामान पत्नी सौ. पद्मजा हिला. मूलबाळ नाही, त्यामुळे वाटण्या नाहीत. धाकटा भाऊ वडिलांचे घड्याळ मागायला येईल. १९५१ साली त्याने ते न विचारता नेले आणि बंद पाडून परत आणले. देऊ नये.

२. माझी सर्व अवजारे बाजीराव वेल्डर याला. का, ते लिहिणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेने उन्हावर पाणी तापवणाऱ्या बंबांची योजना काढली. घरमालकाने छपरावर असा सूर्यबंब बसवला की निम्मा खर्च संस्था परत करणार. अटी दोन. बंब सुरक्षित असल्याचा जाणकाराचा दाखला हवा, आणि तपासणीत खोट निघाली तर पैसे परत. जाणकार मी. टाक्या बाजीरावाने जोडल्या, बसवल्या मी, दाखलेही मीच दिले. एकूण सात.

टाकीच्या माथ्यावर वाफ निघून जायला एक उघडी नळी ठेवलेली असते. तिच्यातून पाणी उडून कौले, गच्च्या ओल्या होतात म्हणून घरमालक कुरकुरू लागले. बाजीरावाच्या माघारी मी सातही नळ्यांना आट्याची टोपणे बसवली. दाखले आधीच दिलेले होते, ते बदलले नाहीत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कुसगावातल्या एका बंगल्यावरची टाकी फाटली. खाली तिथे कामाला असलेली नंदाबाई स्वयंपाक करीत होती. उकळते पाणी कौलांतून तिच्या अंगावर आले. मान आणि डावा हात भाजला. लोक जमले. कोणीतरी विचारले, "मास्तर, असं कसं झालं?" मी म्हणालो, "सांधा कच्चा राहिला असावा."

एवढेच म्हणालो. त्या एका वाक्याने बाजीरावाचे काम बंद पडले. बाजारातला गाळा सोडून तो आता दुसऱ्याच्या हाताखाली राबतो.

३. त्यानंतर दुरुस्तीच्या नावाखाली मी पाच टोपणे काढून आणली. ती सगळी गच्चीवरची होती. सातवे राहिले आहे. ते गोरखराव येवले यांच्या छपरावर आहे. वर्षभरात चारदा गेलो. ते दारातच म्हणतात, "मास्तर, पाणी तापतंय ना? मग खोट कशाला शोधता? अनुदान परत करायला लावाल." खरे कारण माझ्या तोंडून निघत नाही. आता एप्रिल आहे. ढग दिसला की मला बरे वाटते. पद्मजा स्टोव्हला पंप मारू लागली की मी अंगणात जातो. येवल्यांची नातवंडे त्या टाकीखालच्या खोलीत झोपतात.

४. मी वरून पडलो, तर माझ्यामागे हे पत्र नंदाबाईला वाचून दाखवावे.

लोणावळे, १८ एप्रिल १९७९.
गं. ना. परचुरे

पुरवणी

१९ तारखेला सकाळी मोठा पान्हा मागायला बाजीरावाकडे गेलो. पान्हा कशाला, हे त्याने विचारले आणि मी सगळे सांगितले. त्याने पान्हा खाली काढला. मग म्हणाला, "मास्तर, वरीसभर मी रोज तेच सांधं आठवत व्हतो. कुटं चुकलं म्हनून." पान्हा खांद्यावर टाकून तो माझ्यापुढे चालू लागला.

येवल्यांच्या दारात पोचलो तेव्हा ऊन चढले होते; तिथे मी पहिल्यांदाच खरे बोललो. गोरखराव पैशांचे काही बोलू लागले, पण त्यांच्या पत्नी चंद्रिकाबाईंनी आधी मुलांना बाहेर काढले आणि स्वतः शिडी आणून लावली.

चूक माझी, म्हणून मीच चढलो. सहाव्या पायरीवर टाकीचा आवाज ऐकू आला, झाकणाखाली उकळी फुटते तसा. माझे पाय जागचे हलेनात. वरही नाही, खालीही नाही. बाजीराव पन्हाळीला धरून माझ्या बाजूने वर गेला. त्याने टाकीवर ओले पोते टाकले, लांबून पान्हा लावला. टोपण उडाले आणि वाफ घराच्या वर पुरुषभर गेली. कोणाला काही झाले नाही.

मी तसाच शिडीला चिकटून होतो. तो दुसरीकडून उतरून खाली आला, माझा घोटा हातात धरला आणि म्हणाला, "मास्तर, डोळं मिटलं तरी चालंल. ह्यो पाय हितं ठेवा. आता दुसरा." असे करत त्याने मला जमिनीवर आणले.

हे मृत्युपत्र त्याला वाचून दाखवले. अवजारे त्याने घेतली नाहीत. म्हणाला, "तुमी मेल्यावर नंदाबाईला कळून काय व्हनार? आज सांगा." म्हणून कलम दोन आणि चार रद्द करीत आहे. सांधे पक्के होते, टोपणे माझी होती, असे संस्थेला व सातही घरमालकांना त्याच दिवशी लेखी कळवले.

त्याच संध्याकाळी नंदाबाईकडे गेलो. छपरावर वाटली त्याहून जास्त भीती तिच्या उंबऱ्यावर वाटली. ती तांदूळ निवडत होती. सगळे ऐकून घेतले. पदर मानेवरून सरकला होता, तो तिने सारखा केला नाही. मग एवढेच विचारले, "आनि अजून कितींच्या घरावर हाये त्ये?"

"एकाच्याही नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मला उठा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

मूळ मृत्युपत्र व ही पुरवणी दोन्हींवर खालील साक्षीदारांसमक्ष आज सही केली.

लोणावळे, २० एप्रिल १९७९.
गं. ना. परचुरे

साक्षीदार:
१. बाजीराव सोपान ठाकर, वेल्डर
२. गोरख येसू येवले, घरमालक, कुसगाव