मेलेली माणसं बोलत नाहीत

४ फेब्रुवारी

नवं काम आलं—झोंबींचा सिनेमा! काळापांढरा, बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा. अंध प्रेक्षकांसाठी पडद्यावरचं सगळं मी शब्दांत लिहायचं, दोन संवादांच्या मधल्या फटीत मावेल एवढंच. आजवर प्रेमकथा केल्या, एक कोर्टाचा खटला केला. मेलेली माणसं पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी

घरीच पाहिला. शेजारच्या खुर्चीत दादा. मला वाटलं होतं रक्ताचा सडा असेल—थेंबभरही नाही. आजकालचे झोंबी धावतात, चावतात, माणसं खातात. हे बिचारे कामाला जातात! खाणीच्या मालकानं मेलेले कामगार मंत्र घालून उठवलेत. तो बोट वर करतो, ते थांबतात. खाली करतो, दगड उचलतात. पगार नाही, सुट्टी नाही, कुरकुर नाही.

म्हणजे तेव्हाच्या लोकांना झोंबी आपल्याला खाईल ही भीती नव्हती. आपणच झोंबी होऊ, ही होती.

दादाला विचारलं, कसा वाटला? बराच वेळ समोर बघत राहिला. मी ताटं उचलून आत निघाले तेव्हा मागून आवाज—"बरा आहे." गेलं वर्षभर हे असंच.

७ फेब्रुवारी

आत्याचा फोन, दादाबद्दल. "काय गुणी झालाय गं पोर! पूर्वी तो आरडाओरडा, ती फेकाफेक... आता बस म्हटलं की बसतो."

पोराची पन्नाशी उलटली आहे. गुणी म्हणे! पण खोटं कुठे आहे? जड गोळ्यांनी त्याच्या कानात कुणीतरी बोलायचं ते थांबलं. घर शांत झालं. मीही सुटकेचा श्वास सोडलाच की.

१० फेब्रुवारी

पहिला मसुदा ट्यूनरना वाचून दाखवला. पियानो सुरात लावणं हा त्यांचा धंदा. जन्मापासून दृष्टी नाही. आमचं प्रत्येक वर्णन आधी ते ऐकतात आणि मला सोलून काढतात.

"भीषण चेहरा? भीषण आहे की नाही ते मी ठरवीन. तुम्ही डोळे सांगा."

"उघडे. भोवती काजळी फासल्यासारखं काळं."

"हां, असं बोला."

मग म्हणाले, "ही मेलेली माणसं एक शब्द बोलत नाहीत. मागे नुसती जुन्या फिल्मची खरखर. तुम्ही सांगेपर्यंत ती माझ्यासाठी तिथं नाहीतच. तेव्हा जपून."

शेवटच्या प्रसंगावर अडकलो. बायको नवऱ्याला शोधत खाणीवर येते. मेलेल्यांच्या रांगेत तो असतो. ती हाक मारते. मी लिहिलं होतं—तो तिला ओळखत नाही.

"कशावरून?"

"वळला नाही ना!"

"मग तेवढंच लिहा. आत काय चाललंय ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

असा राग आला! घरी आले तरी डोक्यातून जाईना.

११ फेब्रुवारी

दुपारभर तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होते. दादा एकदम म्हणाला, "पापणी लवली."

मागे नेऊन पाहिलं. खरंच! हाक येते आणि मेलेल्या नवऱ्याची पापणी लवते. नट चुकला असणार, आणि फिल्म वाया कशाला घालवा म्हणून तसंच राहू दिलं असणार.

"चूक आहे रे ती," मी म्हटलं.

"ओळखलं त्यानं. वळायला वेळ लागतो."

मी सिनेमा थांबवला. "तुला लागतो?"

थांबला. थांबला. मग—"ऐकू सगळं येतं. माझं उत्तर येईस्तोवर तुम्ही पुढच्या विषयावर गेलेले असता."

वर्षभरात एवढं सलग बोलला नव्हता. मी उठले, स्वयंपाकघरात नळ सोडून उगाच उभी राहिले.

१२ फेब्रुवारी

ओळ बदलली. ती हाक मारते. तो वळत नाही. पापणी लवते.

ट्यूनरना फोनवर वाचून दाखवली. मग म्हणाले, "हे ठेवा."

१४ फेब्रुवारी

दादाला विचारलं, जेवायला काय करू? आणि तोंड मिटून बसले. किती अवघड! जीभ नुसती शिवशिवत होती. शेवटी म्हणाला, "काहीतरी आंबट."

आंबट! मी आपली रोज मऊ, अळणी वाढते आहे.

हे असं चालायचं नाही. एवढा हुशार माणूस, त्याला कुणीतरी बोट वर करून थांबवून ठेवलंय—आजारानं, गोळ्यांनी, त्याच्या त्या डॉक्टरीणबाईंनी. वेळ घेतली आहे. भांडायचंच.

१८ फेब्रुवारी

भांडलेच. "गोळी इतकी जड का ठेवलीत?"

डॉक्टरीणबाईंनी दादाकडे पाहिलं. "सांगू का?" त्यानं मान हलवली.

"वाढवायची मला घाई नव्हती. गेल्या वर्षी यांनीच आग्रह धरला. म्हणाले, घरात बहीण मला घाबरते."

मी खुर्ची दादाकडे वळवली. विचारलं, "दादा, कमी करायची का?"

या वेळी त्यानं लगेच माझ्याकडे पाहिलं.

"तुला चालेल?"