मुक्या गाडीची मे महिन्यातील चाचणी

५ जानेवारी १९८२
वस्तुस्थिती क्रमाने मांडतो, म्हणजे चिडचिड बाजूला राहील.
एक. महाविद्यालयाच्या मागच्या शेडमध्ये आमची विजेवर चालणारी मोटार जवळजवळ तीन वर्षे उभी आहे. दोन. ती मी (विद्युत विभाग) आणि ठवरे (यंत्र विभाग) यांनी एका जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर उभी केली. तीन. १९७९ च्या जानेवारीत लहान बॅटरी आणि मे महिन्यात तिच्या दुप्पट क्षमतेची बॅटरी बसवून चाचण्या झाल्या. चार. मोठ्या बॅटरीने किलोमीटरमागे दीडपट वीज खाल्ली. पाच. ‘मोठी बॅटरी व्यर्थ’ असा अहवाल दोघांच्या सहीने गेला व काम थांबले. सहा. नव्या प्राचार्यांना शेड रिकामी हवी आहे. महिनाअखेर गाडी भंगारात.
फेरचाचणीची परवानगी मागितली. मिळाली, पण म्हाताऱ्याची हौस पुरवावी अशा चेहऱ्याने. जूनमध्ये निवृत्त होतो आहे, म्हातारा झालेलो नाही.

७ जाने.
शेड उघडली. मागच्या आसनातला काथ्या उंदरांनी उपसलेला. चारही टायर बसलेले. स्टिअरिंगवर ठ.ने गुंडाळलेली सुती पट्टी मात्र जशीच्या तशी. उमरेडला त्याच्या वडिलांच्या मागावर विणलेली. “हाताले घाम येते गा प्रोफेसर, रबरावरून घसरते.” विणकराच्या घरातून आलेला आणि यंत्रशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेला हा एकच माणूस मला प्रोफेसर म्हणे आणि ती शिवी वाटे.
पहिली फेरी आठवली. धरमपेठेतून सीताबर्डीकडे. गाडीला आवाजच नाही, त्यामुळे रस्त्यातल्या गायी हलेनात. शेवटी ठ. उतरून पुढे हट् हट् करीत चालला आणि मी त्याच्यामागून, वरातीतल्या नवरदेवासारखा. व्हरायटी चौकात संत्रेवाली शेजारणीला म्हणाली, “भूत लागलं काय वं या गाडीले?” ठ. इतका हसला की त्याला फुटपाथवर बसावे लागले.
तसे हसणे त्यानंतर आमच्या विभागात कोणी हसलेले नाही. आता सगळे स्मित करतात.

१० जाने.
जुन्या बॅटऱ्या निकामी. प्रयोगशाळेतला नवा संच उसना घेतला. टायरांत हवा भरून, मोजून, नोंद करून घेतली.
मूळ वाद असा. माझे म्हणणे: बॅटरी मोठी असली की प्रत्येक घटावर ताण कमी, आतली नासाडी कमी. त्याचे म्हणणे: शिशाचे वजन टायर सोसतो, आणि टायर दबला की ती वीज रस्त्याला उष्णता म्हणून दान. दोन्ही बरोबर, प्रश्न प्रमाणाचा होता. अहवाल गेल्यावर स्टाफरूममध्ये तो म्हणाला, “प्रोफेसरचं गाढव आपलाच चारा पाठीवर घेऊन निघालं, अन् रस्त्यातच खाऊन बसलं!” सगळे हसले. शिपाईसुद्धा. त्या दिवसापासून बोलणे बंद.
आकड्यांबद्दल माझी तक्रार नव्हती. चारचौघांत…

१२ जाने.
फेरचाचणी. मोठ्या बॅटरीने किलोमीटरमागे लहान बॅटरीपेक्षा एकपंचमांश जास्त वीज घेतली. दीडपट नव्हे. अंतर मात्र दीडपटीहून जास्त गेले. दोनदा पडताळले.
मग मे महिन्यात झाले काय? उन्हाने बॅटरी बिघडली म्हणावे, तर शिशाची बॅटरी उबेत उलट अधिक देते.

१६ जाने.
आमच्या सौ. मालतीचे हळदीकुंकू. बायकांनी आमचे भांडण कधी मानलेच नाही. शांतावहिनी, म्हणजे ठवऱ्यांची पत्नी, दरवर्षी येतात. तिळगूळ माझ्या हातावर ठेवीत म्हणाल्या, “आता तरी गोड बोला भाऊजी. ती मुकी गाडी बाहेर काढली म्हणे तुमी?”
हो म्हटले. सहज म्हणाल्या, “उन्हाळ्यात जपजा बरं तिले. हे तर मे लागला की आमच्या स्कूटरची हवा काढून ठेवत, उन्हानं टायर फुटते म्हणून. तुमच्या गाडीचीबी काढून आले होते तवा.”
हातातला तिळगूळ हातातच राहिला.
नागपुरात निम्मे लोक हेच करतात. पण चाचणीच्या गाडीला! सुवर्णपदक विजेत्याने!

१९ जाने.
हवा मुद्दाम कमी करून चाचणी. मे महिन्यातला आकडा जवळजवळ तंतोतंत आला. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हता, मऊ टायरांचा होता. अर्थात टायर वीज खातो हे ठ.चेच म्हणणे यातून सिद्ध होते. हे नोंदवतो, कारण ते खरे आहे.
मालती म्हणाली, “मग तेव्हा तुम्ही का नाही पाहिली हवा?”
टायर हा यंत्र विभागाचा विषय होता.

२२ जाने.
प्राचार्यांना आकडे दाखवले. म्हणाले, “ऐकीव गोष्टीवर अहवाल रद्द होत नाही, सर. सह्या दोघांच्या आहेत. हवा काढली होती असं ठवऱ्यांनी लिहून दिलं, तर गाडी राहील. नाहीतर एकतीसला ट्रक येईल.”
अडचण अशी की ठ.चे विभागप्रमुखपद याच उन्हाळ्यात ठरायचे आहे. अशा वेळी कोणता माणूस स्वतःची चूक कागदावर उतरवील? मी उतरवली असती. बहुधा.
मालती: “चार गल्ल्या पलीकडे घर आहे त्यांचं. चालत जा आणि विचारा.”
गेलो. फाटकापर्यंत. आत तो कोणाला तरी काही सांगून हसत होता. परत आलो.

२४ जाने.
पत्र पाठवले. प्रत येथे ठेवतो.

“प्रा. ठवरे यांस,
मे १९७९ च्या चाचणीपूर्वी आपण मोटारीच्या टायरांतील हवा कमी केली होती किंवा कसे, आणि केली असल्यास किती, हे कळवावे. कारण विचारीत नाही. ते मला ठाऊक आहे. टायर फुटू नये हा हेतू वाईट म्हणता येत नाही. ‘होय’ लिहिल्याने आपले नुकसान होऊ शकते याची मला जाणीव आहे. ‘नाही’ लिहिल्यास मी ते खरे मानीन आणि गाडी जाईल.
वहिनींकडून निरोप पाठवू नये. तोंडी उत्तर चालणार नाही. उत्तर आपल्या अक्षरात, सहीनिशी, एकतीस तारखेच्या आत लेखी मिळावे. टपाल वेळेवर पोहोचेल याचा भरवसा नाही. कागद आपण स्वतः आणून दिल्यास माझी हरकत राहणार नाही.”