काट्याकडची सीट

ओरुरो, मंगळवार सकाळ

माझ्या मुलीचे धर्मपिता कोंपाद्रे लिओन्सिओ यांस निकानोर वाराचीचा नमस्कार. नमस्कार न वाकता केला आहे असे समजावे, कारण वाकलो की मला उठवायला दोन माणसं लागतात. घरात सध्या एकच आहे आणि तेही गाडीखाली आडवं आहे. तुमचे गुडघे, आमच्या वहिनी दोन्या फाउस्तिनांचा रक्तदाब आणि परसातली पीचची झाडं कशी आहेत ते कळवावे. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर मला दोन वाक्यांत दम लागतो आणि तिसऱ्या वाक्याला तुम्ही "हॅलो, हॅलो" करत बसता. कागदावर दम लागत नाही. पेन माझ्यापेक्षा तब्येतीने बरं आहे. शिवाय हे पत्र कोचाबांबाच्या बसचा ड्रायव्हर फुकट आणतोय, सोबत लामाचं वाळवलेलं मांस आहे, ते त्याने वाटेत खाल्लं नसेल तर मिळेल. (आणि दोन्या विचारतील की हे दोघे म्हातारे एकमेकांना अहो-जाहो काय करतात. त्यांना सांगा, खाणीत तेवीस वर्षं आम्ही एकमेकांना शिवीनेच हाक मारली, पण ज्या दिवशी तुम्ही निएवेसला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलंत त्या दिवसापासून रीत म्हणजे रीत.)

आता मुद्दा. मला एका जुन्या गाडीबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. घ्यावी की न घ्यावी.

तुम्ही विचाराल, ज्या माणसाने जन्मात सायकल घेतली नाही त्याला आता गाडी कशाला. त्याचं कारण डॉक्टर. गेल्या महिन्यात त्या पोराने माझ्या छातीला नळी लावली, पाठीवर टकटक केली, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, डॉन निकानोर, फुफ्फुस अडुसष्ट टक्के गेलंय. खाणीच्या डॉक्टरने मला सोडताना तीस लिहिलं होतं, तुम्हाला आठवत असेल. (तीसला पेन्शन अर्धी मिळते. त्या डॉक्टरचं अक्षर फार सुंदर होतं.) या पोराचं म्हणणं असं की या उंचीवर माझ्याने हिवाळा निघणार नाही, खाली उतरा, खाली हवा जाड आहे, दोन-तीन वर्षं आरामात काढाल. मी म्हटलं, उतरतो. मग घरी येऊन लक्षात आलं की ओरुरोहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. साडेचार हजार मीटरवरची खिंड ओलांडल्याशिवाय तुमची पीचची झाडं येत नाहीत. आपल्या देशात साधं मरायला निघालेल्या माणसालाही आधी चढ असतो.

बसवाल्यांनी ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन चढू दिलं नाही, म्हणाले फुटलं तर चाळीस लोक जातील. मी म्हटलं न घेता चढलो तर एकच जाईल, तेव्हा त्यांनी तिकिटाचे पैसे परत दिले. आणि समजा घेतलं असतं, तर रस्ता कोणी ना कोणी अडवलेलाच असतो. गेल्या पंधरवड्यात आधी शिक्षक बसले होते, मग ट्रकवाले, मग शिक्षकांच्या विरोधातले पालक. बस तिथे दोन दिवस उभी राहते आणि माझं नळकांडं चालतं पाच तास. म्हणून निएवेस म्हणाली, पप्पा, आपल्याला छोटी पण उंच गाडी पाहिजे, अडवलं की सरळ नदीच्या पात्रातून काढेन. तुमची धर्मकन्या सात वर्षं मिनीबस चालवतेय, तिच्याशी रस्त्याबद्दल वाद घालू नये हे मी शिकलोय.

तर गाडी. गेल्याच्या आदल्या रविवारी बाजारात मिळाली. जपानी, चौदा वर्षांची, रंग पांढरा होता असं विकणाऱ्याचं म्हणणं. विकणारा सोन्याच्या दाताचा, नाव डॉन रेमिहिओ, आणि गाडी फक्त एका म्हाताऱ्या जपानी शिक्षिकेने रविवारी चर्चला जायला वापरली अशी त्याची शपथ. निएवेसने विचारलं, जपानात चर्चं किती आहेत. तो म्हणाला, म्हणून तर लांब जावं लागायचं. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पट्टीचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं. मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मला खाणीच्या डॉक्टरचं सुंदर अक्षर आठवलं. त्या गाडीबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली ती तिथे.

किल्ली फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी बोलते. फार अदबीने. डॉन रेमिहिओ म्हणतो ती "सुप्रभात" म्हणते. ती संध्याकाळीही तेच म्हणते. माझा अंदाज आहे ती "अजून वेळ आहे, उतरा" असं म्हणत असावी. निएवेस तिला "हो मावशी" म्हणते आणि सेल मारते.

आणि स्टिअरिंग. जपानात ते उजवीकडे असतं, इकडे आणल्यावर कापून डावीकडे बसवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण मीटर, दिवे, काटे सगळं हलवायला जास्त पैसे पडतात. म्हणून काटे जिथे होते तिथेच आहेत, उजवीकडे. म्हणजे चालवणारी डावीकडे बसते आणि वेग किती, पेट्रोल किती, इंजिन किती तापलं, हे सगळं शेजारी बसलेल्या माणसाला दिसतं. मी निएवेसला म्हटलं, ही गाडी एकट्याने चालवायचीच नाही. ती म्हणाली, मग तुमच्यासाठीच बनवली आहे, तुम्हाला कुठे गप्प बसवतं.

शेजारच्या गॅरेजवाल्याला, मिस्त्री एराक्लिओला, तपासायला नेलं; डॉन रेमिहिओही सोबत आला. त्याने इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि दांडा कानाला टेकवला. बोनेटवर टकटक केली. तेलाची पट्टी बाहेर काढून उजेडाला धरली. मी आपोआप शर्टाचं बटण उघडायला लागलो. मग त्याने पान थुंकलं (कोकाचं, तोंडात सकाळपासून तेच होतं) आणि सांगितलं: हेड गॅस्केट जायला आलंय, रेडिएटर गाळाने भरलाय, पंखा मनात आलं तर फिरतो, ब्रेक आहेत असं धरून चाला. गॅस्केटचे अठराशे बोलिव्हियानो, रेडिएटरचे नऊशे, बाकी उघडल्यावर कळेल. "उघडल्यावर कळेल" हे शब्द मी आयुष्यात दोनच माणसांकडून ऐकलेत, दुसरा तो डॉक्टर. मी विचारलं, मिस्त्री, इंजिनात दम किती. तो म्हणाला, चाळीस टक्के. माझ्यात बत्तीस. दोघांचे मिळून बहात्तर होतात. शाळेत एवढ्या मार्कांना कुणी नापास करत नाही.

मी विचारलं, खिंड चढेल का. एराक्लिओ हात पुसत म्हणाला, "न थांबता गेली तर चढेल, डॉन निकानोर. वर एकदा बंद पडली तर मात्र थंड होऊन पुन्हा सुरू व्हायची नाही." मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, गाडीबद्दलच बोलतोय.

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसाने गाडी परत केली असती. मी तेच करणार होतो. पण माझी मेहुणी प्रिमितिवा तिथे आली. तिला कुणीतरी सांगितलं की निकानोरने गाडी घेतली. ती हार, रंगीत कागदाचा चुरा आणि बियरच्या सहा बाटल्या घेऊनच आली. तुम्हाला ठाऊक आहे, नव्या गाडीच्या चारही चाकांवर दारू शिंपडून धरणीमातेला, पाचामामाला, तिचा वाटा दिल्याशिवाय आपल्याकडे गाडी कुणाची होत नाही. मी गॅरेजमागे लघवीला गेलो होतो (मला त्याला वीस मिनिटं लागतात). परत येतो तो बोनेटला हार, छतावर कागदाचे कपटे, आणि प्रिमितिवा बाटली हलवून हलवून फेस उडवतेय. एराक्लिओने हवेच्या फिल्टरचं झाकण उघडं ठेवलं होतं. अर्धी बाटली तिथून आत गेली. इंजिन दोन दिवस खोकत होतं. एराक्लिओ म्हणाला, "मावशी, मशिनीवर शिंपडायचं असतं, मशिनीला पाजायचं नसतं." प्रिमितिवा म्हणाली, तिलाही तहान असेल, जपानहून आलीय.

डॉन रेमिहिओ बाजूला टोपी काढून उभा होता. म्हणाला, अभिनंदन. मी म्हटलं, अहो, घ्यायची ठरलीच नाही. तो दुखावल्यासारखा म्हणाला की पाचामामाने तुमच्या नावाने बियर पिऊन टाकलीय, आता गाडी मी परत नेली तर पाचामामा मालक म्हणून कुणाला ओळखेल. आणि कोंपाद्रे, तेवीस वर्षं खाणीतल्या सैतानाला सिगारेट पेटवून दिल्याशिवाय आपण ड्रिल हातात घेतलं नाही. मी तिथेच डॉलर मोजून दिले. तेव्हा घ्यावी की न घ्यावी याबद्दलचा तुमचा सल्ला आता नाही दिलात तरी चालेल.

परवा चाचणीला काराकोयोपर्यंत गेलो. मी उजवीकडे, मांडीत नळकांडं, समोर काटे. पहिले वीस किलोमीटर मी मोठ्या ऐटीत सांगत होतो: साठ, पेट्रोल पाव, तापमान अर्ध्याखाली. मग चढ लागला. काटा अर्ध्यावर आला, मी सांगितलं. अर्ध्याच्या वर गेला, मी सांगितलं. मग तो लाल पट्ट्याकडे सरकायला लागला आणि नेमका तिथेच माझा दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. निएवेसला वाटलं पप्पा गप्प आहेत म्हणजे सगळं ठीक आहे, उलट तिने जरा जोरात घेतली. वाफ काचेवर आली तेव्हा तिला कळलं. गाडी रस्त्याकडेला थांबवून ती आधी बोनेटकडे धावली, मग माझ्याकडे, मग पुन्हा बोनेटकडे, आणि मधेच उभी राहून रडायला लागली. मी तिला इतकं रडताना तिच्या आईला पुरलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी हातानेच खूण केली की आधी गाडीला पाणी घाल.

असो. बाकी सर्व ठीक. दोन्यांना नमस्कार, तुमच्या गुडघ्यांना आराम.

आपला कोंपाद्रे,
निकानोर

ता. क. लग्नात जसे अंगठीचे धर्मपिता, केकचे धर्मपिता, बँडचे धर्मपिता करतात, तसे प्रिमितिवाने गाडीच्या दुरुस्तीचे केले आहेत. टायरची धर्ममाता ती स्वतः. रेडिएटरचे धर्मपिता आपल्या नाचाच्या मंडळाचे लोक, मी तिथे तीस वर्षं ढोल वाजवला त्याबद्दल. गॅस्केट एराक्लिओने स्वतःच्या अंगावर घेतलं, त्याचा बापही खाणीत आपल्याच पातळीवर होता. ब्रेक कुणी घेतले नाहीत, म्हणून ते तुमच्या नावावर टाकले आहेत. नाही म्हणू नये, ब्रेकला नाही म्हणणं अशुभ असतं.

ता. क. दुसरा. ब्रेकचं निएवेसने स्वतःच अंगावर घेतलंय, आत्ता ती गाडीखाली तेच करतेय. तुमच्या नावाचं ते लिहिलं कारण पुढचं लिहायला धीर होत नव्हता. कोंपाद्रे, तुम्ही शुक्रवारच्या बसने वर या. शनिवारी पहाटे निघायचं आहे. मी मागे आडवा राहीन. काट्याकडच्या सीटवर तुम्ही बसायचं आहे. ज्याचा आवाज जाणार नाही असं माणूस तिथे हवं.

ता. क. तिसरा, आणि हा फक्त तुझ्यासाठी, लिओन्सिओ, वाचून झाल्यावर फाडून टाक. खाणीत आठव्या पातळीवर छत कोसळलं तेव्हा अंधारात तू सहा तास मला सांगत होतास की कुदळींचा आवाज येतोय, ते येताहेत, अजून थोडं. मला नंतर कळलं की त्यांनी खणायला त्या सहा तासांनंतर, संध्याकाळी सुरुवात केली होती. तुला काहीच ऐकू येत नव्हतं. तुझ्या त्या थापेवर मी एवढी वर्षं श्वास घेतला. आता तीच निएवेससाठी हवी. खिंडीत मी मागे गप्प झालो तर मागे वळून पाहू नकोस. तू पाहिलंस तर ती थांबेल, आणि गाडी तिथे थांबली तर सुरू व्हायची नाही, मग त्या थंडीत ती माझ्यापाशी एकटी बसून राहील. तिला म्हण, झोपलाय. काट्याचं खरं सांग, माझं खोटं. उतार लागला, झाडं दिसायला लागली की मग थांबा.

जाड स्वेटर आण. वर फार थंडी आहे.